राखेनं घासलेले दाणे

आमच्याकडे प्यायच्या पाण्याची घागर रोज राखेनं घासतात. जिची घागर चकचकीत नाही ती सून आळशी, असा सरळ हिशेब. माझी थोरली बहीण आर्वीकडच्या एका खेड्यात दिलेली, आणि तिच्या घागरीत तर तोंड दिसायचं.

गावची विहीर उन्हाळ्यात आटायची, म्हणून सरकारनं हातपंप दिला. नारळ फुटला, भाषण झालं. त्या पाण्यात फ्लोराईड आहे का, हे कोणी तपासलं नाही. कोणीच नाही! भाची त्याच पाण्यावर वाढली. आधी दातांवर तपकिरी डाग आले, मग गुडघे आत वळून एकमेकांवर घासायला लागले. शाळेतून येताना ती मध्येच बांधावर बसायची. वर्ध्याचे डॉक्टर म्हणाले, वाढीचं वय आहे तोवर ऑपरेशननं पाय सरळ करता येतील, पण आधी पाणी बदला. नाहीतर हाडं पुन्हा वाकतील.

पाणी बदला! जसं काही दुकानात मिळतं. आम्ही चळवळीतल्या पोरांनी पत्रकं काढली, कचेरीसमोर बसलो, तेव्हा कुठं वस्तीला फिल्टर मिळाले. एकावर एक दोन डबे, वरच्यात ॲल्युमिनाचे पांढरे दाणे, साबुदाण्याएवढे. पाणी त्यातून झिरपतं आणि फ्लोराईड दाण्यांना चिकटून राहतं. सोबत एक कागद होता : ‘माध्यम वेळोवेळी स्वच्छ करावे.’ माध्यम म्हणजे ते दाणे. पण कशानं स्वच्छ करायचे, ते नाही.

“मामा, आता माहे पाय सीधे होतीन ना?”

“होतीन. मंग मले पकडून दाखवजो.”

“तू काय पळशीन! तू तं नुसते नारे देतं.”

वर्षभरानं पाणी तपासलं. हातपंपाचं आणि फिल्टरचं जवळजवळ सारखंच निघालं. ऑपरेशन पुढं ढकललं. माल खोटा दिला म्हणून मी पाणी तपासायला आलेल्या साहेबावर तुटून पडलो आणि त्याला बहिणीकडे घेऊन गेलो. ती अंगणात बसली होती. परातीत ते दाणे, त्यावर चुलीतली राख, आणि ती दोन्ही हातांनी चोळत होती.

“रोज घासतो साहेब. एक दिस चुकवला नाई.”

साहेब तिच्यासमोर खाली बसला. राखेत खार असतो, तो म्हणाला. खारानं चिकटलेलं फ्लोराईड सुटतं. आम्हीही दाणे खारानंच धुतो, पण नंतर त्यांना आम्लाचं पाणी द्यावं लागतं. त्याशिवाय ते फ्लोराईड पुन्हा नीट धरत नाहीत.

बहिणीचे हात परातीतच होते. “म्हंजे मीच पाजत होती तिले?”

“नाई ताई,” मी म्हणालो. “ज्यानं अर्धाच कागद लिहिला, त्यानं.”

“पन हात तं माहेच ना.”

नव्या दाण्यांसाठी अर्ज, मोर्चा, पुन्हा अर्ज. दाणे आले, पाणी चांगलं झालं, तोवर भाचीची वाढ संपत आली होती. आता ऑपरेशननंही फारसं सुधारणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. भाचीनं ते ऐकलं आणि दाराशी चपला शोधायला लागली.

पुढचं पत्रक मी यावरच काढलं आणि बहिणीला नेऊन दिलं. ती चौथी शिकलेली. बोट ठेवून वाचत गेली आणि अगदी शेवटच्या ओळीवर थांबली. दाणे राखेनं घासू नका, असं तिथं छापलं होतं.

“हे सगळ्यात वर काऊन नाई टाकलं, भाऊ? वर तं नुसत्या सरकारले शिव्या हायेत.”