ज्वारीत बांधलेली कॅसेट

दादाचे क्रिकेटचे कप आणि मेडलं आकुर्डीला, माझ्या माहेरी, हॉलमधल्या काचेच्या शोकेसमध्ये आहेत. माझ्या कॅसेट माळ्यावर होत्या. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. मुलाच्या वस्तू हॉलमध्ये राहतात आणि मुलीच्या माळ्यावर जातात, हे मी लग्नाआधीच पाहिलं होतं. पण माळ्यावर तरी त्या राहतील असं मी धरून चालले होते. तेवढंही जास्तच मागणं निघालं.

त्या खोक्यात काय होतं ते आधी सांगते. कॉलेजात असताना आम्ही चौघं पंक रॉक वाजवायचो. मी गायचे, म्हणजे ओरडायचे. पंकला सूर फार लागत नाहीत, बाकीचं रागावर भागतं, आणि राग माझ्याकडे मुबलक होता. आमच्या गिटारवाल्याच्या वडिलांची भोसरीत लेथची शेड होती. गुरुवारी शेडला सुट्टी, म्हणून आमचा सराव गुरुवारी. आणि नेमकी गुरुवारीच तिथली लाइट जायची, यायची, परत जायची. त्यामुळे आमचं एकही गाणं दोन मिनिटांच्या वर गेलं नाही. पंकची गाणी इतकी छोटी का, यावर लोक मोठमोठे लेख लिहितात. आमचं कारण एवढंच होतं की लाइट आहे तोवर उरकून घ्या.

त्याच शेडमध्ये आम्ही एक कॅसेट रेकॉर्ड केली. मूठभर कॉप्या काढल्या आणि ओळखीपाळखीत वाटल्या. तिच्यातलं शेवटचं गाणं माझं होतं आणि ते दादावर होतं. शब्द मी लिहिलेच नाहीत, ते घरात रोज तयार मिळायचे. कुठं चाललीस? कधी येणार? सोबत कोण आहे? ओढणी कुठंय? हेच प्रश्न मी घसा फाटेस्तोवर ओरडायचे. मग गिटार एकदम थांबायची आणि त्या शांततेत मी साध्या आवाजात उत्तर द्यायचे: "सांगणार नाही."

गॅदरिंगला आम्ही वाजवलं तेव्हा दादा मित्रांना घेऊन आला होता. दुसऱ्याच गाण्यात तो स्टेजच्या कडेला येऊन उभा राहिला आणि त्यानं मला बोटानं खाली बोलावलं. तोंडानं हाकही मारली नाही. घरी आल्यावर "घराण्याची अब्रू" वगैरे झालं, आईनं डोळ्याला पदर लावला, आणि बँड तिथंच संपला. ते शेवटचं गाणं स्टेजवर कधी झालंच नाही. ते फक्त कॅसेटमध्ये होतं.

मग नोकरी, लग्न, मुलगी. खोकं माळ्यावर. त्यात आमच्या कॅसेटबरोबर आमच्यासारख्याच, कुणी न ऐकलेल्या बँडच्या कॅसेट होत्या, हातानं लिहिलेल्या कव्हरांच्या.

यंदा दिवाळीनंतर हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका तरुणाचा मेसेज आला. असे विसरलेले बँड शोधायचे, त्यांच्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायच्या आणि सगळ्यांना ऐकायला द्यायच्या, हा त्याचा छंद. कुठल्याशा जुन्या कॅसेटच्या कव्हरवर त्याला आमच्या बँडचं नाव सापडलं होतं. वाचून विश्वास बसेना. त्यानं इतर बँडची दोनतीन रेकॉर्डिंग पाठवली. ती मी तळवड्याला ऑफिसला जाताना बसमध्ये कानात घालून ऐकली. मला प्रत्येक आरोळी पाठ होती. शेजारी बसलेली बाई माझ्याकडे बघायला लागली, कारण मी सीटवर मुठी आपटत होते. इतकी वर्षं मी हे ऐकल्याशिवाय कशी जगले, असं वाटलं.

"मॅडम, तुमची कॅसेट मात्र कुणाकडेच मिळत नाही," त्यानं लिहिलं. "तुमच्याकडे आहे का?"

बँडमधल्या बाकीच्यांना विचारलं, तर त्यांच्या कॉप्या केव्हाच गेल्या होत्या. मी त्याला लिहिलं, "आहे. एकच आहे, पण आहे." लिहिताना मला स्वतःचा अभिमान वाटला.

शनिवारी आकुर्डीला गेले, शिडी लावली, माळ्यावर चढले. खोकं नव्हतं.

"अगं, त्या कॅसेट ना?" दादा खालून म्हणाला. पेपरमधून डोकंही वर काढलं नाही. "चाकणच्या काकांना दिल्या. ज्वारीला पाखरं फार येतात. टेप बांधली की वाऱ्यावर आवाज करते, पाखरं बसत नाहीत. निदान कामाला तरी आल्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मला विचारायचं तरी होतंस!"

"त्यात विचारायचं काय? कचरा तर होता."

शोकेस त्याच्या डोक्यामागेच होती. इंटरडिपार्टमेंट स्पर्धेचा उपविजेता. उत्कृष्ट क्षेत्ररक्षक. उपविजेता. परत उपविजेता. सगळं कसं लखलखीत. मी शिडी उतरून चपला घातल्या. बोलले असते तर ती काच फुटली असती.

दिघीला घरी न जाता तशीच स्कूटर चाकणकडे घेतली. काकांची बरीच जमीन कंपन्यांत गेली. दोन कंपाउंडांच्या भिंतींमध्ये एवढा तुकडा त्यांनी हट्टानं ठेवलाय, हुरड्यापुरता. कणसं नुकती भरायला लागली होती आणि सगळ्या रानावर बांबूपासून बांबूपर्यंत काळ्या-तपकिरी पट्ट्या ताणलेल्या होत्या. वारा आला की सगळं रान घूं घूं करायचं. आमची चौघांची सगळी मेहनत पाखरांच्या अंगावर गुरगुरत होती.

"आलीस व्हय!" काका खूश होते. "लई कामाची हाय बघ तुझी टेप. एक पाखरू बसत न्हाई."

त्यांच्यावर काय ओरडणार? त्यांनी टेप मागितली होती, माझा आवाज मागितला नव्हता. मी बांधावर बसले आणि रडले, आणि रडू आल्याचाही मला राग आला. त्यातली कुठली पट्टी माझी, तेही कळायला मार्ग नव्हता. काका घाबरले. मी त्यांना सगळं सांगितलं. गॅदरिंगचंही सांगितलं. त्यांनी जवळच्या बांबूवरची गाठ चाचपून पाहिली.

"घिऊन जा समदी," ते म्हणाले. "पर माज्या ज्वारीचं काय? चमकणारं कायतरी आणून दे. त्यालाबी भितात पाखरं."

चमकणारं. मला लगेच कळलं काय आणायचं ते.

सोमवारी दादा पहिल्या शिफ्टला गेल्यावर मी रजा टाकून आकुर्डीला गेले. वहिनीला वाटलं मी भांडायला आलेय. मी शोकेसकडे बोट दाखवलं आणि कशासाठी ते सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला, आत गेली आणि किल्ली घेऊन आली. "न्या, ताई," ती म्हणाली. "दर रविवारी मीच पुसते हे. पिशवी मोठी आणलीत ना?"

काकांनी आणि मी कप कानांना सुतळी बांधून टांगले, मेडलं रिबिनीनं. उत्कृष्ट क्षेत्ररक्षक मधोमध. मग एकेक पट्टी सोडवून रिकाम्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर गुंडाळली. संध्याकाळच्या उन्हात रान नुसतं चमचमत होतं.

हिंजवडीच्या त्या तरुणानं मोठ्या चिकाटीनं तुकडे जोडले. बरंचसं नुसती खरखर. ऊन आणि दव लागून टेपचा रंगच उडाला होता. दोन गाणी अर्धीमुर्धी वाचली. आणि माझं शेवटचं सापडलं. हेडफोन लावून ऐकलं. खरखरीतून ती विशीतली मुलगी ओरडत आली: कुठं चाललीस! कधी येणार! सोबत कोण आहे! ओढणी कुठंय! गिटार थांबली. आणि पुढं काही नाही. नेमकी तिथं काकांनी बांबूला गाठ मारली होती, तिथंच टेप तुटली होती. प्रश्न सगळे उरले होते, माझं उत्तर तेवढं गेलं होतं. मी हेडफोन काढले आणि कुणाला तरी बुकलून काढावंसं वाटलं.

दादाला शोकेस रिकामी दिसायला दोन आठवडे लागले. इतका त्याचा जीव होता त्या मेडलांवर. रविवारी दुपारी त्याचा फोन आला. वहिनीला विचारून झालं होतं, तिनं हात वर केले होते.

"माझे कप तू नेलेस?"

"हो."

"अगं, माझ्या आयुष्याची कमाई आहे ती! मला एकदा विचारायचं तरी होतंस!"

आपण काय बोललो ते त्याला ऐकू यावं म्हणून मी थांबले. त्याला ऐकू आलं नाही.

"कुठं नेलेस?" तो ओरडला. "कुठं ठेवलेस? सोबत कोण होतं? परत कधी आणणार?"

मी त्याला सगळे प्रश्न विचारू दिले. तो दम घ्यायला थांबला, पलीकडे एकदम शांत झालं, आणि मग मी साध्या आवाजात म्हणाले, "सांगणार नाही."