इटलीच्या गाण्यात मंजुळामावशी

माझी मंजुळामावशी वेसाव्याच्या बाजारात चाळीस वर्षं पापलेट विकतेय. घरच्या दोन होड्या, स्वतःचं पक्कं घर. अंगावर सोनं आणि केसांत गजरा नसेल तर ती घराबाहेर पाऊल टाकत नाही. तोंडाने फटकळ. कुणी फोटो काढायला लागलं की सरळ सुनावते, "मासे घे, नाहीतर वाटेला लाग."

हीच मावशी गेल्या मंगळवारी मला ऑफिसात मोबाईलवर दिसली आणि मी हादरलेच. इटालियन गाणं होतं, एकदम नाचरं. ऑफिसातले सगळे माना डोलवत होते. मध्येच वाळूत बसलेल्या मावशीचा फोटो. केस विस्कटलेले, गळा उघडा, डोळे सुजलेले, खाली एक ओळ. चार सेकंदांत पुन्हा नाच सुरू. तो फोटो तुळशीदासकाकांच्या, म्हणजे मावशीच्या दिवंगत नवऱ्याच्या, दहाव्याला किनाऱ्यावर कुणीतरी काढलेला होता.

शेजारी बसणारी गंधाली इटालियन शिकलीय. ती म्हणाली, "अगं, हे टोमणे मारणारं गाणं आहे. गरिबांचे फोटो काढत फिरणाऱ्या श्रीमंतांची टर उडवलीय. तिकडे यावरून केवढा वाद पेटलाय. खाली लिहिलंय, 'हिची भूक किती छान दिसतेय'."

भूक? मावशीची? माझं डोकंच फिरलं.

बाजारात कुणीतरी दाखवून खिदळण्याआधी आपणच सांगावं, म्हणून संध्याकाळी मी वेसाव्याला गेले. मावशीने व्हिडिओ पाहिला, मग पुन्हा लावायला सांगून परत पाहिला. मला रडू आलं. मी घाईघाईने समजावलं, "मावशी, गाणारा तुझ्याच बाजूचा आहे गं. फोटोवाल्यांनाच शिव्या घालतोय तो."

"मग माझा फोटो घालताना त्याने कुणाला विचारलं?"



तिने मोबाईल माझ्या हातात दिला. "लिही त्याला," ती म्हणाली. "भूक नव्हती म्हणावं. दहा दिवस आख्खा पाडा ताटं घेऊन येत होता, मलाच घास गिळवत नव्हता."