बहाव्याच्या डाळिंब्या

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आखाती युद्धात आमच्या नर्सरी खात्याची भयंकर हानी झाली. ती क्षेपणास्त्राने नव्हे, हमीदचाचांच्या अंगठ्याने केली.

मी सौदीतल्या अबकैकजवळच्या एका कंपनी कॉलनीत झाडांच्या नर्सरीचा सुपरवायझर, गुहागरचा. चाचा मेसचे आचारी, दापोलीकडचे. त्या सकाळी सायरन थांबला, विषारी वायूच्या भीतीने फटींना टेप लावलेल्या खोलीतून आम्ही सुटलो, हजेरी वगैरे उरकून तासाभराने मी गॅस मास्क काखेत मारून किचनमध्ये शिरलो. चाचा माझं बी सोलत बसले होते.

बी बहाव्याचं, आमच्या परसातल्या झाडाचं. विमानं बंद व्हायच्या आधी बायकोने एका येणाऱ्याबरोबर धाडलेलं. पुन्हा कधी मिळेल, आम्ही कधी घरी जाऊ, कोणालाच ठाऊक नव्हतं.

बहाव्याच्या बीचं कवच फार कठीण. तसंच पेरलं तर महिनोन्महिने पडून राहतं. म्हणून थंडी ओसरली की एकेक बी सँडपेपरवर घासायचं, आतला फिका रंग दिसेपर्यंत. डोळ्याची बाजू सोडून, कारण कोंब तिथून निघतो. मग रात्रभर कोमट पाण्यात. फुगलं नाही ते पुन्हा घासायचं. फुगलं ते त्याच दिवशी पेरायचं. फुगलेलं बी थांबत नाही. सुकलं तर मेलं, पाण्यात राहिलं तर कुजलं.

मी फुगलेलं बी वेचून ओल्या फडक्यात बांधलं आणि उबेसाठी किचनमध्ये ठेवलं होतं. तेवढ्यात सायरन झाला. आणि ओल्या फडक्यात फुगलेले दाणे म्हटले की कोकणी माणसाला एकच गोष्ट सुचते.

“चाचा, काय करताय?”

“बिरडं. वाल आणलेस ते लपवून ठेवतोस होय रे, सलीम? मोडसुद्धा आले नाहीत नीट.”

“वाल नाहीत. बहावा आहे.”

चाचांचा अंगठा थांबला. “मग मी इतका वेळ सोलतोय काय?”

“माझ्या घरचं झाड.”

बहाव्याचा गर जुलाबाचं औषध. बियांचा प्रयोग मेसवर झाला असता, तर पुढच्या सायरनला त्या बंद खोलीत काय झालं असतं, याचा विचार मी आजही आनंदाने करतो. पण तेव्हा हसू आलं नाही. निम्म्याहून जास्त बियांच्या डाळिंब्या झाल्या होत्या. सोललेलं बी मातीत कुजतंच.

उरलेलं घेऊन निघालो, तर दारात मिसरी, म्हणजे इजिप्तचा मॅनेजर.

“नो आउटसाइड वर्क. टुमॉरो.”

“टुमॉरो खलास, सर.”

त्याने फडक्यात डोकावून पाहिलं. “यल्ला, जा लवकर. मास्क सोबत ठेव.”

चाचा न बोलावता मागोमाग आले. मी पिशव्यांत वाळू आणि खत भरलं, ते बी नखभर खोल दाबत गेले.

“आमसूलपण काढून ठेवलं होतं,” ते मध्येच म्हणाले. मी पाणी घालत राहिलो.

धडा एवढाच: भिजवलेल्या बियांवर चिठ्ठी लावावी, आणि कोकणी आचाऱ्याला ती वाचून दाखवावी.

बरंचसं बी उगवलंच नाही. पण युद्ध थांबता थांबता एका पिशवीत माती उचलली गेली आणि कोंब वर आला. सगळी मेस बघायला जमली. चाचा कोंबापुढे उकिडवे बसले आणि एकदम बोलून गेले,

“आलास कशाला रे बाबा? आता तुला परत कोण धाडणार?”