बोट बुडाली नाही, तरी नापास

बोट बुडाली नाही. पालथी झाली.

वाशीच्या खाडीत, जेट्टीला लागून टेस्ट चालली होती. मी बोटींची सर्व्हेअर. नवी बोट प्रवासी घ्यायच्या लायकीची आहे का, ते तपासून रिपोर्ट द्यायचा. तो पाहून सरकारी बोर्ड सर्टिफिकेट देतं. ही आठ सीटची फायबरची बोट बाळारामनानांनी बांधलेली. नानांचं आयुष्य मासेमारीच्या होड्या बांधण्यात गेलं. त्यांची मुलगी जयश्री बोट चालवायचं लायसन्स काढून तयार होती. लोकांना खाडीतले फ्लेमिंगो दाखवायच्या फेऱ्या ती सुरू करणार होती. पक्षी काही वर्षभर थांबत नाहीत, म्हणून दोघांना घाई.

टेस्ट ऐकायला सोपी आहे. माणसं आणि इंजिन यांच्याऐवजी हिशोबाने लोखंडी वजनं बांधायची आणि बोट काठोकाठ पाण्याने भरायची. तरीही ती तरंगली पाहिजे, आणि सरळ राहिली पाहिजे. त्यासाठी आत फोम भरतात. तो पाणी पीत नाही, बोटीला धरून ठेवतो.

आमची बोट भरत आली, एका अंगाला कलली आणि सावकाश उलटली.

"बुरली त नाय ना?" नाना म्हणाले. "तरंगते हाय. पास लिवा."

"नाना, आतली माणसं कुठे गेली?"

"बोटीला धरून रातील."

जयश्री पुढे झाली. लाइफ जॅकेट घालून खाडीत उतरली आणि पालथ्या बोटीला धरायला गेली. तळ नानांनी हौसेने घासून गुळगुळीत केलेला. तिचे हात सारखे निसटत होते.

"नाना, धरू कुठं?" तिने खालून विचारलं.

नानांनी हात देऊन तिला वर घेतलं.

बोट वर घेऊन आतली फळी उघडली. सगळा फोम तळाशी भरलेला. तळच हलका, तर तळच वर येणार. मी तसं म्हटल्यावर नाना तडकले. "तुमच्याच ड्रॉइंगपरमानं भरलाय. एक तुकडा कमी नाय."

बोट बांधायच्या आधी मीच काढून दिलेलं ड्रॉइंग उघडलं. फोम किती, ते बिनचूक लिहिलेलं. कुठे भरायचा, ते कुठेच नव्हतं. खाली माझी सही. कान गरम झाले.

बाजूला जाऊन बॉसना फोन केला. "सर, बोट फेल आहे. पण चूक निम्मी माझी आहे."

"मग रिपोर्टमध्ये तेही लिही," सर म्हणाले. "आणि त्यांना नुसतं फेल सांगून येऊ नकोस. दुरुस्ती काढून दे."

जेट्टीवरच बसून नवं स्केच काढलं. फोम दोन्ही कडांना, होईल तितका वर. जड सामान खाली. नानांनी कागद जवळ ओढला.

"म्हंजे जाळ्यावानी," ते म्हणाले. "बोया वर, शिसं खाली. मंग आदी का नाय सांगितलंत?"

"मला सुचलं नाही, नाना. चुकलं माझं."

"माना पन सुचाया पायजे व्हतं," ते हळूच म्हणाले. त्यानंतर त्यांनी मला चहा पाजला.

पुढचे नऊ दिवस बापलेकीने फळ्या काढल्या, कडेने फोमचे कप्पे केले. दुसऱ्या टेस्टला पंप सुरू झाला. बोट भरली, खाली गेली, काठ पाण्याला टेकले. आणि तशीच थांबली. सरळ. मी घड्याळ लावून वाट पाहिली. एका बाजूला जास्तीचं वजन टांगून पाहिलं. जरा कलली, उलटली नाही.

"मॅडम, मी बसून बघू?" जयश्रीने विचारलं.

टेस्टमध्ये ते बसत नाही. वजनं उतरवल्यावर मी हो म्हटलं. ती काठ धरून आत चढली आणि पोटापर्यंत पाण्यात सीटवर बसली. नाना पहिल्यांदाच मोठ्याने हसले.

सर्टिफिकेट आलं तेव्हा फ्लेमिंगो अजून खाडीत होते. पहिल्या फेरीत नाना पुढच्या सीटवर, लाइफ जॅकेटचे सगळे बंद लावून.

माझ्या ड्रॉइंगवर आता 'किती'च्या शेजारी 'कुठे' असा रकाना असतो. समोरच्याला कळेलच, असं वाटलं की तो रकाना आधी भरते.