भिंतीवरचा कागद

सुमनअक्का गेल्याचा फोन आला, तेव्हा मी धुळे स्टँडवर साक्रीच्या बसची वाट पाहत होतो. बस आली, भरली, निघून गेली. मी बाकावरच... त्याला महिना होत आला, पण लिहायला हात धजत नव्हता. अक्कांविषयी लिहायचं तर आधी स्वतःविषयी खरं लिहावं लागतं.

नरडाण्याच्या सूतगिरणीत आम्ही बरोबरच लागलो. मी डिप्लोमावाला, त्या बी.एस्सी. झालेल्या. कापूस चिमटीत ओढून त्या तंतूची लांबी सांगायच्या. प्रयोगशाळेचा अहवाल मागून यायचा आणि तेच सांगायचा. युनिटप्रमुखाची जागा रिकामी झाली, तेव्हा मुंबईच्या साहेबांनी अक्कांना विचारलं, "मॅनेजमेंटची पदवी आहे?" नव्हती. माझ्याकडेही नव्हती, पण मला विचारलं, "कधीपासून रुजू होताय?" मी पेढे वाटले. अक्कांनी पेढा खाल्ला आणि पुढच्याच महिन्यात एमबीएचा फॉर्म भरला.

चव्वेचाळिसाव्या वर्षी, मुलांचे डबे करून, नोकरी सांभाळून त्या पास झाल्या. प्रमाणपत्राची चौकट करून आपल्या खुर्चीमागे लावली. मी चेष्टेने म्हटलं, "अक्का, आता उदबत्तीही लावा." त्या हसल्या नाहीत. शांतपणे आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "भाऊ, तुमले कोनी कागद मांगा का? मना कागद भितवर शे, तुमना तोंडवर शे." माझा हात मिशीकडे गेला आणि मला राग आला. खरं ऐकलं की येतो, तसाच.

मी निवृत्त झालो, तेव्हा कुठे त्यांना प्रमुखाची खुर्ची मिळाली आणि चौकट त्या खुर्चीमागे गेली. तरी कापसाचे व्यापारी आत डोकावून त्यांनाच विचारत, "साहेब कुठे आहेत?" अक्का हातातलं पेन उचलून मागची चौकट दाखवत आणि पुन्हा कामाला लागत. गिरणी सोडताना ती चौकट तेवढी त्यांनी घरी आणली.

परवा त्यांच्या घरी गेलो. थोरला मुलगा चौकट उतरवून त्याच खिळ्यावर अक्कांचा हार घातलेला फोटो लावत होता. म्हटलं, "ती तिथेच परत लाव. दुसरा खिळा आण." हातोडी मीच घेतली. भिंत टणक, दोन खिळे वाकले, तिसरा बसला आणि फोटो चौकटीशेजारी लागला. मला फार वाईट वाटत होतं, आणि थोडं बरंही. तेवढ्यात भेटायला आलेल्या एका गृहस्थांनी फोटोला हात जोडले आणि माझ्याकडे वळून विचारलं, "गिरणीचे मोठे साहेब तुम्हीच ना?"

मी हातोडी उचलून चौकट दाखवली.