गरम भाकरीचा निकाल

माझ्या बायकोच्या मामांइतका सिनेमाचा जाणकार तापीपासून सातपुड्यापर्यंत दुसरा सापडायचा नाही, आणि कुठे असलाच तर त्याने एकदा मामांशेजारी पाटावर बसून जेवून दाखवावं. मामा तळोद्याजवळचे केळीवाले शेतकरी. घरच्या टीव्हीवर नवा पिक्चर आला, की संध्याकाळी गरम भाकरी आणि शेवभाजीचं ताट घेऊन ते समोर बसतात. पिक्चर चालू असताना जेवण सुरळीत झालं, तर पिक्चर पडला. घास हातातच राहिला आणि भाकरी थंड झाली, तर पास. मग मामा मोबाइलवर निकाल बोलून आमच्या ग्रुपवर टाकतात, "मन्ही भाकर थंडी व्हई गयी! सगळास्नी देखा!" डोंगरात जाणाऱ्या जीपवाल्यांबरोबर हा निकाल पार तोरणमाळपर्यंत चढतो. देशभर गाजलेला एक पिक्चर मामांनी दोन गरम भाकऱ्यांत निकालात काढलेला मी स्वतः पाहिला आहे. तेव्हापासून मी त्यांना मनातल्या मनात दंडवत घालतो.

त्यांची नजर भलती तिखट. एका जुन्या, नावाजलेल्या पिक्चरमध्ये नायिका पांढरी साडी नेसून केळीच्या बागेतून धावत सुटते. आम्ही सगळे गाण्यात रंगलेलो, आणि मामा ताडकन म्हणाले, "जवाईबापू, केळना चीक लागना तरी साडीले डाग कसा पडना नई?" आयुष्यभर तसल्या डागांचे सदरे घातलेल्या माणसापुढे दिग्दर्शकाची काय टाप! मामांनी लगेच आत हाक दिली, "दुसरी भाकर लई ये वं!" चुलीपाशी बसलेल्या मामी तिथूनच म्हणाल्या, "हाऊ बी पडना का?" मामींनी टीव्हीकडे कधी नीट पाहिलंच नाही. त्यांची पाठ पडद्याकडे आणि तोंड तव्याकडे. तरी प्रत्येक पिक्चरचा निकाल गावाआधी त्यांना कळायचा.

मागच्या हिवाळ्यात मामींचं सुरतेला मोठं ऑपरेशन झालं. त्या घरी आल्या, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, अन्न पोटात गेलं तरच अंगात ताकद येईल. मामी दोन घास खाऊन ताट सरकवायच्या. मामांनी टीव्हीवर फडकं टाकलं. निकाल थांबले. जीपवाले मला अडवून विचारू लागले, "मामा काय करी ऱ्हायनात? आमी काय देखूत?" रोज सकाळी फोन केला की मामा फक्त म्हणायचे, "आज बी नई खादं."

अशात एक जुना पिक्चर धुऊनपुसून घरबसल्या पाहायला मिळू लागला. लग्नानंतर पहिल्यांदा यात्रेतल्या तंबूत मामा-मामींनी पाहिलेला. मामांनी फडकं काढलं. मामींना लोडाला टेकवून टीव्हीसमोर बसवलं, आणि स्वतः चुलीपाशी जाऊन आयुष्यातली पहिली भाकरी थापली. भेटायला गेलेले मी आणि बायको पाहतच राहिलो. भाकरी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला करपलेली.

पिक्चर सुरू झाला. तंबूत ज्या प्रसंगाला हसल्या होत्या म्हणे, त्यालाच मामी पुन्हा हसल्या आणि हसता हसता त्यांनी तुकडा मोडला. मग दुसरा. पडद्यावर नायकाच्या जिवावर बेतलं होतं, आणि मामांचे डोळे मामींच्या ताटावर. ताट रिकामं झालं तेव्हा मामी म्हणाल्या, "करपेल शे. पन चांगली शे."

मामांचा स्वतःचा घास हातातच होता. त्यांनी फोन उचलला. "पिक्चर मन्हा ध्यानमा नई ऱ्हायना," ते म्हणाले. "पन हिनी आख्खी भाकर गरमच खादी. सगळास्नी देखा."

जीपवाले चक्रावले. गरमच खाल्ली म्हणजे पडला ना? मी म्हटलं, पाहा तुम्ही.

आता मामी रोज टीव्हीसमोर बसून जेवतात. मामा शेजारी असतात, पण कुठला नायक मेला आणि कुठला जगला हे त्यांना सांगता येत नाही. निकाल मात्र रोज येतो, आणि रोज पिक्चर पासच असतो. एवढा मोठा जाणकार आम्ही गमावला, याची हळहळ वाटते खरी. पण संध्याकाळी ग्रुपवर त्यांचा आवाज यायला जरा उशीर झाला, की माझाच घास हातात राहतो.