तबेल्यातला आरसा

माझ्या बायकोच्या मामांइतका माणसांवर घोड्याचे उपचार करणारा दुसरा इसम अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात सापडायचा नाही. आणि त्यांच्या रुग्णांत सगळ्यात गरीब जनावर मी. बोटींच्या इंजिनरूममध्ये उभा जन्म काढून मामा बुरोंडीला परतले, त्याच वर्षी मामी गेल्या. मुलगा मस्कतला. आता या वयात माणूस कोंबड्या पाळतो, फार तर शेळी. मामांनी किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवून थकलेला एक तांबडा घोडा विकत घेतला आणि त्याचं नाव ठेवलं कप्तान. "जन्मभर कप्तानाचं ऐकलं, जावईबापू. आता कप्तान माझं ऐकेल." त्याने कधी ऐकल्याचं मला तरी आठवत नाही.

रोज सकाळी मामा त्याच्या कुशीला कान लावून उभे राहायचे, इंजिनाला लावावा तसा. "पोट वाजलं पायजे. गप पोट वाईट." घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे त्याच्या पोटदुखीला मामा वादळाइतके घाबरत. एकदा त्यांच्याकडे कोलंबीवर नको तितका ताव मारून मी ओसरीवर आडवा झालो, तर त्यांनी माझ्याही बरगडीखाली कान लावला आणि दंडाला धरून उठवलं. "लोळायचं नाय! आतडं पिळतं." मग भर दुपारी नारळांच्या बागेतून आमची वरात, पुढे मामा, मागे मी, माझं मनगट त्यांच्या मुठीत. कुंपणापलीकडून शेजारीणबाईंनी विचारलं, "काय वो, जावई विकायला काढलात काय?"

"घेतंय कोण! दात बघा त्याचे," मामा म्हणाले.

पोट दुखायचं मात्र थांबलं. हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही. पावसाळ्यात चिखलाने खुरं कुजतात, म्हणून कप्तानाची चारही खुरं रोज खरवडून, धुऊन, पुसून कोरडी व्हायची. मी गेलो की माझी दोन धरून सहा.

तर या कप्तानाने दोन वर्षांपूर्वी खाणं सोडलं. भिजवलेले हरभरे, गरम पाण्यात कालवलेला कोंडा, वर गुळाचा खडा, सगळं हुंगून तो मान वळवायचा आणि दाराबाहेर बघत राहायचा. बरगड्या मोजता येऊ लागल्या. मामांचा फोन आला तेव्हा आवाज इतका बारीक, की मला वाटलं मस्कतचंच काहीतरी. आम्ही दोघं गेलो, तेव्हा दापोलीहून जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. "दात कानसून दिलेत, जंतांचं औषध झालंय, पोटही वाजतंय," त्या म्हणाल्या. "आजार नाही, मामा. घोडा कळपातलं जनावर. एकटा पडलाय तो."

"मी हाय की," मामा म्हणाले.

बाईंनी कप्तानाच्या मानेवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, काही घोड्यांना आरशाने सोबत वाटते, बघा करून. मामांनी त्याच दिवशी मामींच्या कपाटाचा आरसा उतरवून गव्हाणीवर टांगला. कप्तान फुरफुरला, समोरच्याला हुंगलं आणि चार घास खाल्ले. मामांनी लगेच आपलंही ताट तिथेच नेलं. "बघा, दोन इकडे, दोन काचेत. पंगतीला आम्ही चौघं!" मी हसलो. बायको हसली नाही. आरशाच्या कडेला मामींच्या दोन टिकल्या अजून चिकटलेल्या होत्या, तिकडे ती बघत होती.

महिनाभर बरं चाललं. मग एक दिवस मामांचा फोन. "जावईबापू, आरशातला घोडा मान खाजवून देत नाय." घोडे एकमेकांच्या खांद्यांवर, जिथे स्वतःचं तोंड पोचत नाही तिथे, दातांनी खाजवून देतात. कप्तान मात्र दिवसभर मान काचेला लावून उभा असायचा. "मी खाजवतो रोज. पण माझे दात किती उरलेत!" एवढं बोलून स्वतःच हसले. हेदवीला एकाकडे दोन घोड्या होत्या. मामांनी कप्तानाला स्वतः टेम्पोत चढवलं, सोबत कोंड्याचं पोतं आणि दोन्ही बाजूंनी लिहिलेला सूचनांचा कागद. दाभोळची खाडी ओलांडताना फेरीबोटीवर त्याच्या कानाशी उभे राहिले, म्हणे. तिसऱ्या दिवशी मला फोन केला. "खातोय," म्हणाले आणि ठेवून दिला.

मी लगेच जायला हवं होतं. पण आमच्यासारख्या जावयांना सासरवाडीची आठवण आंब्याच्या दिवसांतच येते. मी पोचलो तेव्हा घर उघडं, ओसरी रिकामी. मामा तबेल्यात जेवत होते. तबेला झाडून लख्ख, गव्हाण कोरडी, आणि आरसा जागेवर.

"एकट्याने जेवलं की उतरत नाय," ते आरशाकडे न बघता म्हणाले. "बसा."

जेवण झाल्यावर त्यांनी सदरा काढला आणि माझ्याकडे पाठ करून बसले. "घामोळं आलंय. खांद्यांच्या मधोमध. हात नाय पोचत."

मी खाजवू लागलो. बाहेर रस्त्यावर माझी परतीची एसटी हॉर्न देऊन गेली.

"जरा वर," मामा म्हणाले.

मी जरा वर सरकलो.